गुप्ते सरांनी घेऊ न दिलेला कॅमेरा

फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या छातीचा एक्स-रे काढत होते. "श्वास आत घ्या... रोखून धरा," असं सांगून मी बटणाकडे वळले आणि एप्रनच्या खिशातला मोबाईल थरथरला. ड्यूटीच्या वेळी आबा, म्हणजे माझे वडील, कधीच फोन करत नाहीत, म्हणून घेतला. "तुझा मास्तर गेला गं," ते बोलले. "सकाळी. झोपेतच." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. वर बघितलं तर काचेपलीकडे त्या बाई डोळे मोठे करून, ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होत्या. श्वास सोडा म्हणायचं मी विसरलेच होते.

मास्तर म्हणजे मनोहर गुप्ते. कर्जतच्या बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. दोन वर्षं मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि त्या दिवशीही गेले नाही. आबा मात्र गेले. ऐंशीच्या घरातला माणूस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. आमच्या लोधिवलीहून चौकापर्यंत कुणाच्या तरी मोटारसायकलवर आणि पुढे रिक्षाने. संध्याकाळी परत आले, ओट्यावर बसून पाय धुतले आणि माझ्याकडे न बघता बोलले, "गर्दी बरीच व्हती. तू यायला पायजे व्हतंस." ज्या माणसाने आम्हा दोघांना फसवलं त्याला पोचवायला आबा कसे गेले, हे मला कळत नव्हतं. आज महिनाभराने लिहायला बसले आहे, तरी नीट कळलंय असं नाही.

पण सुरुवात चांगली होती, तीही सांगितली पाहिजे. मी खोपोलीच्या एका इस्पितळात एक्स-रे विभागात काम करते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नवं मशीन आलं, सगळं कॉम्प्युटरवर दिसायला लागलं, आणि जुन्या फिल्मची खोकी अडगळीत गेली. मुदत संपलेली, पण न उघडलेली. ती टाकून द्यायला माझा हात धजेना. एका रविवारी त्यातलं एक खोकं पिशवीत घालून मी गुप्ते सरांच्या स्टुडिओत गेले आणि विचारलं, "सर, ही फिल्म लागेल असा एखादा कॅमेरा असतो का?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे तीन पायांच्या लाकडी घोड्यावर त्यांच्या वडिलांचा जुना स्टुडिओ कॅमेरा उभा होता, शिवणयंत्राएवढा. त्यांनी माझ्या डोक्यावर काळं कापड टाकलं. अंधारात समोर दुधी काच उजळली आणि तिच्यावर बाहेरची बाजारपेठ दिसली... उलटी. टेंपो छताला चिकटून चालले होते, भाजीवाली डोकं खाली करून मेथी विकत होती. मी किती वेळ कापडाखाली होते कुणास ठाऊक. बाहेर आले तेव्हा गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं होतं आणि सर खुर्चीत बसून लहान मुलासारखे हसत होते.

त्या दिवसापासून दर रविवारी मी कर्जतला जायला लागले. मोठ्या फिल्मचा कॅमेरा घ्यायचा तर कुठला, हाच आमचा विषय. सर सांगायचे की नवशिके नेहमी दोन चुका करतात. एक तर सगळ्यात मोठा कॅमेरा घेतात, कारण मोठ्या काचेवरचं चित्र बघून वेड लागतं. नाहीतर सगळ्यात स्वस्त. दोन्ही कॅमेरे वर्षभरात कपाटावर जातात. "कॅमेरा दुकानात निवडायचा नसतो सुजाता, पाठीवर निवडायचा असतो," असं म्हणून त्यांनी मला खरंच पिशवीत दगड भरायला लावले. आधी आठ किलो. ते घेऊन मी टेकडी चढले आणि अर्ध्यात बसले. मग पाच, मग तीन. तीन किलो घेऊन मी वर पोचले आणि वर पोचल्यावर आजूबाजूला बघावंसंही वाटलं. "झालं. तुझा कॅमेरा लाकडी, घडीचा, चार बाय पाच इंच फिल्मचा," सर म्हणाले. "भाता, म्हणजे लेन्सच्या मागची ती घड्यांची कातडी नळी, लवचिक हवा, लेन्सची पुढची पाटी वरखाली सरकायला हवी, आणि बोटं गारठली तरी स्क्रू फिरवता यायला हवेत. बाकी सगळी हौस."

पुठ्ठ्याच्या पेटीवर आणि एका जुन्या भिंगावर त्यांनी मला वर्षभर शिकवलं. लाल दिव्यात एक्स-रेची फिल्म कापायची कशी, ती दोन्ही बाजूंनी नाजूक असते म्हणून धरायची कशी, हे मात्र मी त्यांना शिकवलं. ते लक्ष देऊन ऐकायचे. माझ्या आयुष्यात एवढ्या लक्षपूर्वक माझं कुणी ऐकलेलं नाही... म्हणून तर मी त्यांना सगळं सांगत गेले.

त्यांना सांगितलं की आमच्या घरात माझ्या आजोबांचा एकही फोटो नाही. ते कसे दिसायचे हे आबांनाही धड सांगता येत नाही. "उंच व्हते, काळे व्हते," एवढंच. गावात फोटो निघत नव्हते असं नाही. आमच्या वस्तीत काढायला कुणी येत नव्हतं, आणि कधी कुणा साहेबाने काढलाच तर खाली नाव लिहायची गरज कुणाला वाटत नव्हती. आबांचं तसं व्हायला नको होतं मला. आबांची सगळी नोकरी घाटात गेली, ठाकुरवाडीला. ते रेल्वेत कीमॅन होते. हातोडा खांद्यावर टाकून रोज रुळाच्या कडेने मैलोन् मैल चालायचं, ठोकून ठोकून बघायचं, सैल झालेलं घट्ट करायचं. मी सरांना ते चित्र अगदी रेखून दाखवलं होतं. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या जुन्या खोलीची दगडी पायरी, तिच्यावर उभे आबा, अंगात जुनी खाकी, खांद्यावर हातोडा, मागे दरी. वेळ सकाळची, ऊन समोरच्या डोंगरावरून नुकतं खाली उतरलेलं. "हा माझा पहिला फोटो, सर. नंतर दुसरा निघाला नाही तरी चालेल." मी ज्या कागदावर हे काढून दाखवलं होतं, तो घडी करून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला.

मग खोपोलीत तसा कॅमेरा सापडला. एका कारखान्याच्या प्रसिद्धी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुलाकडे राहायला जाणार होते आणि घरातलं सामान काढत होते. सर आणि मी गेलो. सागवानी, मधासारख्या रंगाचा, पितळी स्क्रू, घडी केला की जाडजूड वहीएवढा. मी एका हाताने उचलला आणि सरांकडे बघून हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "भाता बघू. जुन्या कॅमेऱ्यात भाताच दगा देतो." भात्याला बारीक भोकं असली तर आत उजेड शिरतो आणि फिल्म वाया जाते. ते बघायचं तर अंधारात भात्याच्या आत बॅटरी लावायची आणि बाहेरून कुठे ठिपके दिसतात का ते पाहायचं. सर कॅमेरा आणि बॅटरी घेऊन त्या गृहस्थांच्या न्हाणीघरात गेले. दार लावून घेतलं. बाहेर आले ते मान हलवतच. "चाळणी झालीय गं. नको." मी म्हटलं, "नवा भाता बसवता येईल ना?" "इथे कोण बसवणार? पहिला कॅमेरा चुकला की माणूस नादच सोडतो. घाई नको." मी कॅमेरा टेबलावर ठेवला. आत जाऊन स्वतः बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. रोज दुसऱ्यांच्या हाडांच्या आत बघणारी बाई मी, आणि ते एवढंसं दार उघडून बघितलं नाही.

त्यानंतर आणखी तीन-चार कॅमेरे आले. एक सरांना जड वाटला, एकाच्या लेन्सला बुरशी होती, एकाची दुधी काच तडकलेली. दर वेळी "घाई नको." पावसाळा आला आणि गेला. त्या पावसाळ्यानंतर आबांचे गुडघे गेले. जिना चढायचा तर मधल्या पायरीवर बसावं लागायचं. घाटातली ती पायरी आता आबांच्या आवाक्यातली राहिली नाही, हे मला कळलं आणि मी सरांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "वाईट झालं." एवढंच म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या निरोपाचं जेवण कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये होतं. भर दुपार, पन्नासेक माणसं, पोरांचा गोंधळ. ताट घेऊन मी रांगेत उभी होते आणि सहज वर बघितलं. समोरच्या भिंतीवर, दारापेक्षा मोठे, माझे आबा उभे होते. दगडी पायरी. जुनी खाकी. हातोडा. मागे दरी, आणि डोंगरावरून नुकतं उतरलेलं ऊन. त्यांच्या कपाळावरच्या रेघा मोजता येत होत्या, नखांतला काळेपणा दिसत होता. असं फक्त मोठ्या फिल्मवरच येतं. खाली पितळी पट्टी होती: "घाटातला म्हातारा". आणि कोपऱ्यात सही, मनोहर गुप्ते.

माझ्यामागे आमच्या वॉर्डातली सिस्टर होती. ती म्हणाली, "सुजाता, हे अगदी तुझ्या वडिलांसारखे दिसतात गं." सगळे वर बघायला लागले. कुणीतरी ती पट्टी मोठ्याने वाचली आणि कुणीतरी हसलं. आणि मी... मी म्हटलं, "असतील कुणीतरी." हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आबांनाही नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. सरांनी आबांचं नाव काढून घेतलं होतं हे खरं. पण पन्नास माणसांसमोर ते परत द्यायची वेळ आली, तेव्हा माझीही जीभ उचलली नाही.

घरी आले आणि आबांना विचारलं. ते शेंगा सोलत होते. "तो फोटो? तो तर पावसाच्या आधी काढला. तुला म्हायती नाय?" आबांनी सूप खाली ठेवलं. "मास्तर आले व्हते की. बोलले, सुजाताला सुट्टी मिळत नाय, तिनंच मला पाठवलंय. रेल्वेची परवानगी बी त्यांनीच काढली व्हती. मी नवा सदरा घालत व्हतो, तर बोलले, नको, सुजाता बोललीय जुनी खाकी घाला. मला वाटलं, तुझंच काम हाय."

"मग मला बोलला का नाहीत?"

"ते बोलले, फोटो तयार झाला का तुला एकदम दाखवायचा. तवर बोलू नका. मी वाट बघत व्हतो गं, तू कधी आणून दाखवतेस त्याची. मंग वाटलं, बरा आला नसंल. तुला वाईट वाटंल म्हणून इचारलं नाय."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कर्जतला गेले. सर आतल्या खोलीत होते. टेबलावर तो सागवानी कॅमेरा होता, मधाच्या रंगाचा, भाता पूर्ण उघडलेला. त्यांनी तो लपवायचा प्रयत्न केला नाही.

"भाता चाळणी झाला होता ना?" मी विचारलं.

सरांनी भाता हळूच मिटला. मग म्हणाले, "तू कळंबला गेली होतीस."

"सर, एकही भोक होतं का त्याला?"

"नव्हतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सुजाता, खरं सांगू? चाळीस वर्षं मी पासपोर्ट आणि लग्नं काढली. तू ते चित्र सांगितलंस आणि मला झोप येईना. तुझा हात बसायला अजून दोन वर्षं लागली असती. तोवर म्हातारा वर चढू शकला असता का? तूच सांग. तो फोटो निघालाच नसता. आता निघालाय. चांगला निघालाय की नाही, तेवढं सांग."

"चांगला निघालाय," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "पण तुम्ही मला तेव्हा कॅमेरा घेऊ दिला असता, तर आपण दोघं गेलो असतो. मी बटण दाबलं असतं, तुम्ही सांगितलं असतंत. माझा वाईट निघाला असता, पण माझा निघाला असता. आणि नाव? त्यांचं नाव तुम्हाला माहीत होतं ना?"

"नाव लिहिलं की फोटो एका माणसाचा होतो गं. मग तो सगळ्यांचा राहत नाही."

"तो एका माणसाचाच आहे, सर."

"नाव लावून घ्या," एवढं सांगून मी उठले. ते "बघतो" म्हणाले. दारापर्यंत सोडायला आले नाहीत.

नाव त्यांनी लावलं नाही. मी दोनदा निरोप पाठवला, नंतर सोडून दिलं. माझा कॅमेरा मी एकटीने निवडला. लोखंडी आहे, जुना आहे, सरांनी घातलेल्या तीन किलोंच्या मर्यादेत अजिबात बसत नाही. पण त्याचा भाता मी आमच्या इस्पितळाच्या जुन्या डार्करूममध्ये दार लावून, बॅटरी लावून, घडीन् घडी बघितला. एक तास बघितला. पहिला फोटो आबांचाच काढला, आमच्या ओट्यावर, खुर्चीत बसवून. शटर उघडं असताना आबांनी माशी हाकलली, त्यामुळे उजवा हात धुरकट आलाय. उजेडही सपाट आहे. तो फोटो बुद्धमूर्तीशेजारी लावलाय आणि मला तो आवडतो, पण माझ्या वडिलांचा सगळ्यात चांगला फोटो कुठला असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर कळंबच्या जेवणघरात आहे. ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

सर मधूनमधून आबांना बाजारात भेटायचे. एकदा आबा सांगत आले, "मास्तर इचारत व्हते, सुजातानं कुठला घेतला. मी सांगितलं. बोलले, जड हाय, पण चांगला घेतला." मी म्हटलं, त्यांचं नाव या घरात काढू नका. आबांनी पुन्हा काढलं नाही. थेट त्या सकाळच्या फोनपर्यंत.

सर गेल्यावर पंधरा दिवसांनी मी काकूंना, त्यांच्या पत्नीला, भेटायला गेले. आबांच्या आग्रहाने, खरं तर. काकूंनी पाणी दिलं, हात धरून बसल्या. म्हणाल्या, "तू यायची बंद झालीस, त्यांना फार लागलं. आणि तुझ्या वडिलांचा तो फोटो... यांना तर वेळ नव्हता. पण तुझ्या वडिलांनीच गळ घातली ना, की मुलीला जमणार नाही, तुम्हीच काढा, म्हणून गेले हे." मी पेला खाली ठेवला. आबांना एक सांगितलं, मला एक, काकूंना तिसरंच. गेलेल्या माणसाविषयी मनात उरलेला राग हळूहळू विरतो म्हणतात. माझा त्या क्षणी पुन्हा ताजा झाला. काकू अजून माझा हात धरून होत्या. त्यांना काय सांगणार? मी "हो" म्हटलं. आता सरांच्या गोष्टीला माझाही हात लागला.

मग मी ठरवलं, जे सरांकडून झालं नाही आणि त्या दुपारी माझ्याकडूनही झालं नाही, ते तरी करायचं. गेल्या आठवड्यात आबांना घेऊन कळंबला गेले. रिसॉर्टची मॅनेजर तरुण मुलगी होती. तिने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा आबांकडे, आणि विचारलं, "बाबा, हे तुम्ही?" आबा लाजले. ती म्हणाली, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही." तिने स्वतः माणूस बोलावून जुनी पट्टी काढायला लावली. मी नवी करून नेली होती: "गंगाराम सोनू गायकवाड, कीमॅन, ठाकुरवाडी". कोपऱ्यातली सरांची सही मी तशीच राहू दिली. फोटो त्यांनी काढलाय. ते नाव पुसून मला काय मिळणार होतं?

आबांनी तो फोटो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. जेवणघर रिकामं होतं, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग बोलले, "हातोडा उलट्या खांद्यावर हाय. मी डाव्या खांद्यावर घेयाचो. मास्तर बोलले, उजेड तिकडं हाय, बदला." थोडं थांबून हसले. "पण मीच हाय गं."

मॅनेजरच्या माणसाने पट्टी चिकटवली आणि तो बाजूला झाला. मी तीन पावलं मागे गेले, डावा डोळा मिटला, मान किंचित कलती केली आणि अंगठा हवेत आडवा धरून पट्टी सरळ आहे का ते बघायला लागले.

"तुझा मास्तर बी पायरीसमोर असाच उभा व्हता," आबा बोलले. "अस्सा. आंगठा धरून."

माझा हात हवेतच राहिला. तो खाली घ्यावा असं वाटलं... घेतला नाही. अंगठ्याच्या कडेवरून पट्टी बघितली. ती डावीकडे कणभर उतरली होती. गोंद ओला होता तोवर मी पुढे होऊन ती काढली आणि पुन्हा, सरळ लावली.